फोटोत नसलेला मुलगा

जानेवारी महिना उजाडला, की मराठीच्या प्राध्यापकाला अचानक भाव येतो. एरवी अकरा महिने त्याच्याकडे कोणी फारसे ढुंकून पाहत नाही. पण संक्रांतीचा तिळगूळ डब्याच्या तळाशी गेला, की शाळाशाळांतून निरोप समारंभाचे वारे वाहू लागतात आणि एखाद्या संध्याकाळी दोन शिक्षक दारात उभे राहतात. "सर, यंदा आमच्या दहावीच्या मुलांना दोन शब्द सांगायला तुम्हीच यायचं." हे दोन शब्द निदान अर्धा तास चालावेत, अशी त्यांची अपेक्षा असते. मोबदला म्हणून शाल, श्रीफळ आणि गुलाबाचे एक फूल. आमच्या घरी फेब्रुवारीत नारळाच्या वड्या का होतात, हे शेजाऱ्यांना आता ठाऊक झाले आहे.

असे समारंभ करून करून माझे एक भाषण अगदी घोटून तयार झाले आहे. त्यात दोन थोर माणसे येतात. पहिले चिंतामणराव देशमुख. १९१२ साली ते मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. हुशार मुलांनी टाळ्या वाजवायच्या त्या इथे. दुसरे महात्मा गांधी. १८८७ साली तेही मॅट्रिक झाले. मात्र त्यांना गुण पडले चाळीस टक्क्यांच्या आसपास. बाकीच्या मुलांनी टाळ्या वाजवायच्या त्या इथे. या टाळ्या नेहमीच जास्त मोठ्या असतात.

"आज कोण? देशमुख आधी की गांधीजी?" मी कपडे करू लागलो, की सौ. विचारते. तिच्या या प्रश्नाकडे मी दुर्लक्ष करतो.

गेल्या जानेवारीत आलेले आमंत्रण मात्र निराळे होते. ते माझ्या स्वतःच्या शाळेचे होते.

मुलांचीच शाळा

शाळेचे नाव मी इथे देत नाही. जुन्या पेठेतली, खाजगी संस्थेने चालवलेली, दगडी पायऱ्यांची, मुलांची शाळा म्हटले, की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे आपापली शाळा उभी राहीलच. दारातून शिरल्याबरोबर घंटा, घंटेखाली शिपाईमामांचे स्टूल, उजव्या हाताला हेडमास्तरांची खोली आणि सभागृहात सोनेरी अक्षरांचे सन्मानफलक. कोणत्या वर्षी शाळेत पहिला कोण आला, हे त्या फलकांवर ओळीने लिहिलेले. लहानपणी त्या ओळी वाचताना आम्हांला पंचांगातला राजांचा वंशवृक्ष वाचल्यासारखे वाटे.

मुलांच्या शाळेतला निरोप समारंभ हा एक वेगळाच प्रकार असतो. नववीची मुले यजमान, दहावीची मुले पाहुणे. नववीतलेच दोघे-तिघे रांगोळी काढतात. तो मोर आहे की तुळशीवृंदावन, हे विचारल्याशिवाय कळत नाही. एरवी खिशांची टोके बाहेर लोंबत असलेली पोरे त्या दिवशी इस्त्रीचे पांढरे शर्ट घालून येतात. ओठांवर लव आलेली असते, आवाज फुटलेला असतो. स्वागतगीत वरच्या पट्टीत सुरू होते आणि दुसऱ्या कडव्याला तळघरात उतरते. कोणी हसत नाही, कारण प्रत्येकाचा घसा त्याच वाटेने चाललेला असतो.

मग भाषणे. पहिला येणारा मुलगा बोलतो, तो शाळेला माऊली म्हणतो. वक्तृत्वाची ढाल मिळवणारा बोलतो, तो शाळेला वटवृक्ष म्हणतो. शिक्षकांतर्फे विज्ञानाचे सर बोलतात आणि चार वर्षांत ज्यांना त्यांनी गाढव याशिवाय दुसरे नाव दिले नाही त्या मुलांना 'माझी लेकरे' म्हणून स्वतःच गहिवरतात. दहावीचा वर्ग शाळेला एक भिंतीवरचे घड्याळ भेट देतो. आमच्या शाळेत अशी इतकी घड्याळे आहेत, की प्रत्येक वर्गात वेळ निराळी. नंतर पुरीभाजी, मसालेभात आणि जिलेबी. आम्ही स्वाक्षऱ्यांच्या वह्या घेऊन फिरत असू. आता मुले एकमेकांच्या शर्टांवर मार्करने सह्या करतात. आईला काय वाटत असेल ते असो, पण वहीपेक्षा शर्ट जपून ठेवण्याचा संभव अधिक, असे मला वाटते.

आणि सर्वांत शेवटी फोटो.

मॅट्रिकचा उंबरठा

या समारंभाला एवढे महत्त्व का आले, हे समजायचे तर थोडे मागे जायला हवे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले आणि दोनच वर्षांनी, १८५९ साली, त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर ही त्या पहिल्याच परीक्षेतून पार पडलेली मंडळी. हळूहळू या परीक्षेची कीर्ती अशी झाली, की माणसाचे दोनच वर्ग उरले : मॅट्रिक आणि नॉनमॅट्रिक. कचेरीतली नोकरी मॅट्रिकला, स्थळ मॅट्रिकला, चाळीतला मानही मॅट्रिकला. मार्चमध्ये जो आपटला, तो ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसे. या फेऱ्यांना लोक 'ऑक्टोबरची वारी' म्हणत. काहींची वारी पंढरीच्या वारीसारखी, वर्षानुवर्षे न चुकता चाले.

पुढे मॅट्रिक जाऊन एस.एस.सी. आली. ती बरीच वर्षे अकरावीला होती. नवा आकृतिबंध आल्यावर १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. नाव बदलले, इयत्ता बदलली, पण उंबरठा तोच राहिला.

आपल्याकडच्या खाजगी शाळांचा जन्मही याच उंबरठ्याच्या आसपासचा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली आणि १ जानेवारी १८८० रोजी टिळक, नामजोशी यांच्या साथीने पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. पुढच्या वर्षी आगरकर येऊन मिळाले. पदवीधर तरुणांनी सरकारी पगारावर पाणी सोडून मास्तरकी पत्करावी, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. त्यांच्यापुढे ध्येय होते. पण ध्येयवादी शाळेलाही लोकांचा विश्वास कमवावाच लागतो, आणि पालकांचा विश्वास तेव्हाही निकालाच्याच वाटेने येई. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात खाजगी शाळांना अनुदान देतानाही परीक्षांचे निकाल पाहिले जात. मुले पास झाली, तर शाळेला पैसा, हा हिशेब तितका जुना आहे. तेव्हा आजच्या हेडमास्तरांना निकालाचा ध्यास लागला म्हणून त्यांना एकट्यांना दोष देण्यात अर्थ नाही. हा ध्यास त्यांना वारशाने मिळाला आहे. पण वारशाने आलेल्या गोष्टीतही काय ठेवावे नि काय टाकावे, हे ज्याचे त्याने पाहायचे असते.

सतरा नंबरचा फॉर्म

आमचा निरोप समारंभ १९९५ च्या जानेवारीत झाला. त्याचा फोटो माझ्या टेबलासमोर आहे. पुढे सतरंजीवर मांडी घातलेली मुले, त्यांच्या मागे खुर्च्यांवर गुरुजन, मग उभ्या दोन रांगा. पाटीवर खडूने लिहिलेले : 'इयत्ता १० वी अ, १९९४-९५'. मी पुढच्या रांगेत पाटीच्या अगदी शेजारी आहे. त्या दिवशी विद्यार्थ्यांतर्फे मुख्य भाषण माझे झाले होते. शाळेला माऊली म्हणणारा तो मुलगा मीच.

या फोटोत बावन्न मुले आहेत. एक नाही.

तो पाचवीपासून आमच्या वर्गात होता. वडिलांचे सायकलदुरुस्तीचे दुकान. बीजगणित आणि इंग्रजी या दोन विषयांनी त्याचा छळ मांडला होता. पण हातात पाना-पक्कड आली, की तो निराळाच माणूस होई. स्नेहसंमेलनात पडदा, दिवे, माइक सारे त्याच्याकडे. नाटकात मी राजा झालो, तेव्हा माझ्या मुकुटातला दिवा त्यानेच बॅटरीवर लावून दिला होता.

नववीचा निकाल लागला त्या आठवड्यात त्याच्या वडिलांना शाळेत बोलावणे आले. वडील दुकान बंद करून, हात धुऊन, टोपी घालून आले. त्यांना समजावून सांगण्यात आले, की मुलगा दहावीला बसला तर शाळेच्या निकालाचे काही खरे नाही. नववीत त्याला पुन्हा बसवायचे, की वर ढकलून दाखला द्यायचा, एवढाच प्रश्न आहे. दाखला घ्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा आणि त्याला बाहेरून बसवा, वर्ष वाचेल. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे खाजगीरीत्या परीक्षेला बसणाऱ्याचा अर्ज. नोकरी करणारे, शाळा सुटलेले, अडलेले-नडलेले लोक पुन्हा शिकू लागतात, त्यांच्यासाठी बोर्डाने ठेवलेली ती एक चांगली वाट आहे. हजारोंना तिने तारले आहे. पण वाट चांगली असली, म्हणून तिच्यावर कोणालाही ढकलून द्यावे असे नाही. वडिलांनी मान डोलावली. दाखला घेतला. जाताना हेडमास्तरांना वाकून नमस्कार केला, असे शिपाईमामांनी नंतर आम्हांला सांगितले.

जूनमध्ये शाळा भरली, तेव्हा शेवटच्या बाकावरची त्याची जागा रिकामी होती. आठवडाभराने ती दुसऱ्याने घेतली.

निरोप समारंभाच्या दिवशी सभागृह भरले. पाहुणे आले. आणि माइक बोलेना. आधी कर्कश शिट्टी वाजली, मग तीही बंद. सरांनी टिचक्या मारून पाहिल्या, पर्यवेक्षकांनी फुंकून पाहिले. शेवटी शिपाईमामा कोणाला न विचारता सायकलवर टांग मारून गेले आणि दहा मिनिटांत त्याला घेऊन आले. अंगात दुकानातलाच शर्ट, हात काळे. त्याने पेटीमागे वाकून पाहिले, एक तुटकी वायर दाताने सोलली, पिनमध्ये बसवली आणि माइकवर "हॅलो, हॅलो" असे दोनदा म्हटले. साऱ्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मग माझे भाषण झाले. त्याच माइकवर.

तो दाराशी उभा राहून ऐकत होता. भाषणानंतर फोटोसाठी सारे पटांगणात आले. फोटोग्राफर रांगा लावत होता. त्याने सहज हाक मारली, "ए, तू का लांब? हो ना उभा मागच्या रांगेत." तो दोन पावले पुढे आला. तेवढ्यात कोणीतरी वडीलधाऱ्या आवाजात म्हणाले, "नाही, नाही. तो आपला विद्यार्थी नाही."

वाचकहो, रागावून बोललेले ते वाक्य नव्हते. पटावरचे नाव पाहून सांगावे, तसे ते शांतपणे सांगितलेले होते. म्हणूनच ते मला अजून ऐकू येते. आम्ही बावन्न जण तिथे होतो. त्यांतल्या एकानेही तोंड उघडले नाही. आणि अर्ध्या तासापूर्वी बंधुभाव, कृतज्ञता वगैरे शब्द ज्याच्या तोंडून धो धो वाहत होते, त्याने तर मुळीच नाही. मी पाटी सरळ करीत होतो. तो हसला, काळे हात पँटला पुसले आणि गेला.

मार्चमध्ये तो इंग्रजीत राहिला. ऑक्टोबरमध्ये सुटला. ते मला कळले, कारण तो पेढे घेऊन आमच्या घरी आला होता. मी कॉलेजात होतो. आईने पेढे ठेवून घेतले आणि मला म्हणाली, "जाऊन ये रे त्याच्याकडे. पोरगं आवर्जून आलं होतं." मी जाईन जाईन म्हणत राहिलो. पुढच्या वर्षी वाडा पाडायला काढला, दुकान हलले, माणसे पांगली. आता तो कुठे आहे, मला माहीत नाही. आणि खरे सांगायचे, तर मी त्याला शोधलेलेही नाही.

यंदाचे भाषण

समारंभाच्या दिवशी मी शाळेत थोडा लवकरच गेलो. आताचे हेडमास्तर माझ्यापेक्षा वयाने लहान. त्यांच्या खोलीत चहा झाला. भिंतीवर एक नवा फलक होता. त्यावर एकाखाली एक वर्षे आणि प्रत्येक वर्षापुढे 'निकाल १०० टक्के'.

मी विचारले, "सर, यंदा सतरा नंबरचे किती?"

ते चमकले. मग त्यांनी दार लोटले आणि हळू आवाजात म्हणाले, "दोन. खोटं कशाला बोलू? संस्थेची मंडळी निकाल विचारतात. पालक प्रवेश घ्यायला येतात, ते दारातला फलक वाचूनच. आजूबाजूला दहा शाळा झाल्यात. पट कमी झाला, की तुकडी बंद. तुकडी बंद झाली, की शिक्षक जादा ठरतो. दोन मुलांना ठेवायचं, की एका शिक्षकाला, असा हिशेब येतो आमच्यापुढे."

त्यांचे म्हणणे मला खोडून काढता येईना. मी कॉलेजात शिकवतो. तुकडी म्हणजे काय आणि जादा ठरणे म्हणजे काय, हे मलाही समजते. इतकी वर्षे मी मनातल्या मनात ज्या माणसावर रागावलो होतो, त्याच्यापुढेही कदाचित असाच एखादा हिशेब असेल. मी गप्प राहिलो.

पण व्यासपीठावर उभा राहिल्यावर माझे घोटलेले भाषण मला आठवेना. चिंतामणराव आले नाहीत, गांधीजीही आले नाहीत. समोर पांढऱ्या शर्टांच्या रांगा होत्या आणि हातात माइक होता. मी मुलांना त्या मुलाची गोष्ट सांगितली. शाळेला नावे ठेवली नाहीत. एवढेच सांगितले, की त्या दिवशी मी बोलायला हवे होते आणि बोललो नाही. तुम्हांला आयुष्यात असे प्रसंग येतील, तेव्हा निदान पाटी सरळ करीत बसू नका. दहा मिनिटांत मी खाली बसलो. टाळ्या पडल्या त्या जेमतेमच. पर्यवेक्षकांनी घड्याळाकडे पाहिले. हेडमास्तर टेबलावरच्या गुलाबाच्या पाकळ्या गोळा करीत होते. आपण यजमानाच्या घरी जेवायला येऊन त्याच्या वरणात मीठ जास्त आहे असे म्हटले की काय, अशी मला रुखरुख लागून राहिली.

मग आभार, मग जिलेबी. पटांगणात खुर्च्या मांडल्या. फोटोची तयारी झाली, तेव्हा दहावीचे चार-पाच जण जागेवर नव्हते. शिक्षक चिडले. एवढ्यात फाटकातून दोन सायकली आणि एक स्कूटर आत आली. गेलेले परत आले होते आणि त्यांच्याबरोबर आणखी दोघे होते. एकाच्या अंगात मेडिकलच्या दुकानातला निळा डगला होता. दुसरा झोपेतून उठून आल्यासारखा दिसत होता. कोणीतरी आपला पांढरा शर्ट काढून त्याला दिला आणि स्वतः सह्यांनी भरलेला दुसरा घातला.

वर्गप्रमुख मुलगा हेडमास्तरांसमोर येऊन उभा राहिला. त्याचा गळा दाटला होता की आवाज फुटला होता, कोण जाणे. तो म्हणाला, "सर, हे आमच्या वर्गात होते. पाचवीपासून."

सारे पटांगण गप्प. हेडमास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा त्या दोघांकडे. मग ते उठले आणि शिपाईमामांना म्हणाले, "मामा, खुर्च्या जरा डावीकडे सरकवा. मागची रांग मावत नाहीये."

बस्स, एवढेच झाले. कोणी भाषण केले नाही.

त्या रात्री घरी येऊन मी सारी हकीकत सांगितली. सौ. ऐकून घेऊन म्हणाली, "तरी बरं, नारळ दिला त्यांनी." मग थोड्या वेळाने, स्वयंपाकघरातून, "त्या तुमच्या मित्राचं आडनाव काय होतं? सायकलच्या दुकानवाल्यांना विचारलं, तर पत्ता लागेल की."

पुढे मे महिन्यात निकाल लागला. शाळेचा फलक यंदाही भरला. त्या दोघांपैकी मेडिकलच्या दुकानातला पास झाला. दुसरा गणितात राहिला. आता ऑक्टोबरची वारी नाही, पुरवणी परीक्षा जुलैतच होते. तिचा अभ्यास घ्यायला वर्गातली तीन मुले रोज संध्याकाळी त्याच्याकडे जात होती, असे हेडमास्तरांनी मला फोनवर सांगितले. जुलैत तो सुटला. "पुढच्या वर्षी काय करणार?" असे मी त्यांना विचारले नाही. तेच म्हणाले, "नववीचे तिघे आहेत काठावर. सकाळी सातला जादा तास सुरू केलाय. बघू या."

त्यांनी पाठवलेला यंदाचा फोटो मी छापून घेतला आणि माझ्या फोटोशेजारी लावला. दिवाळीची साफसफाई करताना दोन्ही चौकटी पुसून झाल्या. सायकलच्या दुकानांपैकी तीन पाहून झाली आहेत. चौथ्या दुकानातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी थोडा वेळ आठवून पाहिले आणि म्हणाले, "हो, त्यांचा मुलगा ना? माइकवाला? दिवाळीनंतर या. माझा भाऊ येणार आहे गावाहून, त्याला ठाऊक असेल."

पेढ्यांचा एक पुडा घेऊन मी जाणार आहे.